खांब ओढतानाची हाक

खटकचिंचोळीत भीमराजला भित्रा म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. धनराजनं नवा ट्रॅक्टर आणून पुढं लिंबू-मिरची बांधली, तेव्हा भीमराजनं भर चौकात ती तोडून त्याच्याच हातात ठेवली. "हे कालवणात घाल. ट्रॅक्टरला डिझेल लागतंय," म्हणाला. विहारात पोरांकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेणारा तोच. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थबकलं, तर त्याला दंडाला धरून पुढं न्यायचा आणि वर चार शब्द सुनवायचा.

असा माणूस रोज एक पाळीभर भीत असे. सत्तरी गाठली तरी ते सुटलं नव्हतं. त्याचा एकुलता मुलगा प्रेमानंद गोदावरीकाठच्या कोळसा खाणीत कामाला होता, आणि तेवढा वेळ तो जमिनीच्या पोटात असायचा. पाळी बदलली की भीमराजच्या भीतीची वेळही बदलायची. पाळी सुटून, अंगावरचं काळं धुऊन प्रेमानंद घरी आला की फोन करायचा. "अप्पा, वर आलो." एवढंच बोलणं. मग इकडं भीमराज उठून तोंडावर पाणी मारायचा आणि सरुबाई भाकरी वाढायची. त्याआधी वाढलेली भाकरी ताटातच वाळून जायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

भीमराज स्वतः उभा जन्म खाणीत काढून आला होता. मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याच्या मागं भालकीला रेल्वेत बसला तो थेट कोळशात उतरला. जाताना मराठी, कन्नड आणि दखनी बरोबर होती, तिथं तेलुगू मिळाली. पण खाली यातली एकही पुरी पडत नसे. बीदरचा, गुलबर्ग्याचा, करीमनगरचा, बिहारचा अशी माणसं एका बोगद्यात वाकून काम करायची, आणि त्यांची मिळून एक खालचीच बोली झाली होती. पहारीला सब्बल, टोपलीला तट्टा, छताला पैकप्पू. जो शब्द अंधारात लवकर तोंडात आला तो सगळ्यांचा झाला. पाळी सुटली की माणसं दिवा जमा करायची आणि ती बोलीही तिथंच ठेवून घरी यायची. क्वार्टरमध्ये बायकापोरांशी ज्याची त्याची भाषा. खाली काय झालं हे बायकांनी विचारायचं नाही आणि पुरुषांनी सांगायचं नाही, अशी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीची रीत.

भीमराजचं काम लाकडाचं, म्हणजे छताला टेकण द्यायचं. टेकणाला ते खांब म्हणायचे. कोळसा निघाला की मागं मोठी पोकळी उरते. ती तशीच सोडली तर छत कधी आणि कुणावर बसेल याचा नेम नाही. म्हणून आतल्या टोकाकडून एकेक खांब ओढून काढत मागं सरकायचं आणि छत आपल्या हातानं बसवायचं. शेवटचा खांब ओढण्याआधी सब्बलनं छत ठोकून कान लावायचा. कधी ते आपणहून कुरकुरायला लागायचं, त्याला 'छत बोलतंय' म्हणत. मग ज्याच्या हातात सब्बल त्यानं हाक द्यायची. ती कानावर पडली की विचारायचं नाही, मागं बघायचं नाही, हातातलं टाकून पळायचं. भीमराजच्या टोळीत हाक भीमराजची होती. टोळीतला बिराप्पा, धनगराच्या घरचा, रानात मेंढरं राखून आवाज कमावलेला गडी, तोही म्हणायचा, "भीमण्णा, माझी हाक मेंढरं ऐकतेत. तुझी दगूड ऐकतंय."

त्या हाकेचा एक कडक नेम होता. ती दुसऱ्या कशालाही द्यायची नाही. गमतीत नाही, पिऊन नाही, पोरांना शिकवायला म्हणून नाही. वर उजेडात तर नाहीच, आणि ज्या घरचं माणूस खाली आहे त्या घरानं तर ती ओठावरसुद्धा आणायची नाही. लाइनीतलं एखादं पोर खेळताना तसं ओरडलं तर ज्याच्या हाताला लागेल तो त्याला थोबाडायचा, आणि पोराची आई भांडायला येत नसे.

पुढं भीमराजच्या छातीत कोळशाची धूळ बसली. डॉक्टरांनी त्याला कामाला नालायक ठरवलं आणि त्याच्या जागी वारस म्हणून प्रेमानंदला घेतलं. लाइनीत पेढे वाटले गेले. भीमराजनंही एक पेढा खाल्ला. गावी परत आल्यावर त्याला कळलं, की तो स्वतः खाली असताना असं कधी भ्याला नव्हता.

आणि मग पंचशीला आली.

ती बीदरच्या मैलूर भागातली. कडगंचीच्या विद्यापीठात शिकत होती आणि खाणीतून परतलेल्या माणसांची बोली गोळा करत गावोगाव बसनं फिरत होती. उन्हाळ्यात एका दुपारी ती दारात उभी राहिली. पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली, तोंड उन्हानं लाल.

"जय भीम, मामा. मला बिराप्पाकाकांनी पाठवलं. म्हणाले, खालची बोली ऐकायची तर भीमराजकडं जा."

"कोळशाची बोली?" भीमराजला हसू आलं. "तिचं काय लोणचं घालायलीस व्हय?"

"लोणचंच समजा. टिकलं पाहिजे. तुमच्यामागं कोण बोलणार आहे ती?"

"हे बघा," सरुबाई आतून म्हणाली, "आल्या आल्या पोरगी तुमाला मारायला निघाली. बस गं बाई, आधी पाणी पी, मग मार."

ती हसत बसली आणि रेकॉर्डर काढून मधे ठेवला. भीमराज आधी संकोचला, मग जसजसे शब्द येत गेले तसा खुलत गेला. ओल्या दगडाला काय म्हणायचं, देखरेखीचा सरदार दुरून येताना दिसला तर एकमेकांना कसं सांगायचं, नव्या गड्याला पहिल्या दिवशी काय म्हणून चिडवायचं. असे शब्द, की ते आपल्याला अजून येतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पंचशीला मधेच विचारायची, "हा तेलुगू का?" आणि तो म्हणायचा, "कुणाला ठाव. खाली जात कोण विचारतंय, भाषेची बी न्हाई विचारीत."

मग तिनं हाकेचं विचारलं.

भीमराजचा हात गुडघ्यावर होता तिथंच राहिला. "घसा धरलाय," तो म्हणाला.

"हळू म्हणा."

"हळू म्हणायची चीज न्हाई ती."

"बरं, मग नुसता शब्द सांगा. अर्थ काय त्याचा?"

"अर्थ न्हाई. अर्थ कळायला टाईम कुठं असतोय?"

ती आणखी काही विचारणार तेवढ्यात सरुबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. आता तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. "पोरगं खाली हाय आमचं. कामून उकरायलीस बाई?"

पंचशीलानं रेकॉर्डर बंद केला. भीमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धनराजचं लिंबू तोडणारा आपण, आणि या शिकलेल्या पोरीपुढं, आपल्याच समाजातल्या, आपली ही गत. ती निघाली तेव्हा तो बसस्टँडापर्यंत तिच्याबरोबर गेला आणि वाटेत खाली मान घालून म्हणाला, "तुला वाटंल म्हातारा अंधश्रद्धाळू हाय. तसं न्हाई पोरी. मी जितक्यांदा ती हाक दिली तितक्यांदा छत खाली आलं. एकदा बी चुकलं न्हाई."

"पण मामा, तुम्ही खांब ओढत होता म्हणून—"

"व्हय व्हय. डोक्याला कळतंय ते. छातीला कोण सांगावं?"

बस आली तेव्हा ती म्हणाली, "नका देऊ, मामा. राहू द्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बिराप्पा वारला. पंचशीलानं फोनवर सांगितलं. बिराप्पानं तिला सगळं दिलं होतं, पण हाक दिली नव्हती. ती भीमराजची, मी देणार नाही, म्हणाला होता. फोन ठेवल्यावर भीमराज कितीतरी वेळ अंगणात बसून राहिला. खाणीत आता यंत्रं आली होती. छताला लाकडाऐवजी लोखंड लागत होतं. जुन्या टोळीतलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि त्याचा स्वतःचा श्वास जिना चढतानासुद्धा तुटत होता. ती हाक द्यायला छाती भरून घ्यावी लागते. आणखी एका हिवाळ्यानंतर ती भरेल की नाही, कुणी सांगावं. आपल्याबरोबर ती जाईल, या विचारानं त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचं नवल वाटलं. पण प्रेमानंद खाली होता तोवर हा विचार तिथंच थांबत होता.

पावसाळा सरता सरता प्रेमानंदचा फोन आला. "अप्पा, एक चांगली गोष्ट. मला वर घेतलं. लॅम्परूममधी. दिवे चार्ज करायचे, पाळीवाल्यांना द्यायचे. आता खाली जाणं न्हाई."

भीमराजनं त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. सरुबाईनं साखर आणून नवऱ्याच्या तोंडात कोंबली. त्या दिवसापासून घरात वेळेवर जेवणं होऊ लागली. भीमराजच्या अंगावर थोडं मांसही चढलं. धनराज म्हणाला, "मामा, सासरवाडीला जाऊन आल्यावानी दिसायलाव."

मग एके दिवशी भीमराजनं आपणहून पंचशीलाला फोन लावला. "ये पोरी. पोरगा वर आलाय. देतो तुला."

ती सकाळच्या पहिल्या बसनं आली. सरुबाई चहात साखर घालायला विसरली. घरात द्यायची नाही, हे भीमराजनं आधीच सांगितलं. छताखाली नाही. विहारात नाही. झाडाखालीसुद्धा नाही. तो पंचशीलाला घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेला. तूर उभी होती ते रान सोडून, मोकळ्या ठिकाणी, जिथं डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं.

"तू तिकडं लांब उभी राहा," तो म्हणाला.

"किती लांब?"

"पळता येईल एवढी."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. तिनं रेकॉर्डर दगडावर ठेवला आणि मागं सरली. भीमराजनं चप्पल काढली. पाय रोवले. हातात सब्बल असल्यासारखी मूठ वळली, मान वर केली. थोडा वेळ त्यानं नुसतं ऐकलं. पंचशीलानंही, काय ऐकायचं ते माहीत नसताना, कान दिला.

मग हाक आली. पोटातून, खालून, जडशीळ निघाली, मधे चढली आणि शेवटाला कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी तुटली. एवढा आवाज त्या हडकुळ्या छातीत कुठं होता कोण जाणे. तुरीतले होले भर्रकन उठले. आणि ती संपायच्या आत भीमराज पळत सुटला. सत्तरीचा म्हातारा अनवाणी, ढेकळांतून, कोपर डोक्यावर धरून. त्याला पळताना बघून पंचशीलाही पळाली, पिशवी, पाण्याची बाटली, सगळं टाकून. दोघं बांधाला अडखळून थांबली. भीमराजला खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यातच त्याला हसू फुटलं.

"मी कामून पळालो?" तो खोकत म्हणाला.

"मी का पळाले?" पंचशीला म्हणाली. तीही हसत होती. "बाई गं! मामा, माझ्या अंगावर काटा आलाय, बघा."

छत आलं नव्हतं. वर नुसतं निळं आभाळ. भीमराज बांधावर बसला. एवढं हलकं त्याला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं. हे पोराला सांगावं असं त्याला फार वाटलं. एरवी पाळीच्या वेळी तो फोन करत नसे. पण आता काय, लॅम्परूममध्ये बसलाय की. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि प्रेमानंदला लावला.

"हॅलो," फोन सुनेनं उचलला. तेजश्रीनं. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

भीमराजनं मोबाइल कानापासून काढून नाव पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"हॅलो? अप्पा, बोला की. जेवलाव का?"

"फोन घरी कामून हाय?" भीमराजनं विचारलं.

खाली मोबाइल न्यायला बंदी असते. ठिणगीची भीती. जो खाली उतरतो तो फोन घरी ठेवून जातो. वर लॅम्परूममध्ये काम करणाऱ्यानं फोन घरी ठेवायचं कारण नाही. हे भीमराजला कुणी समजावून सांगायला नको होतं. तेजश्रीलाही ठाऊक होतं की त्याला कळलंय.

"अप्पा, विसरून गेलेत ते..."

"तेजश्री."

ती रडायला लागली. "तुमच्यासाठीच म्हणले ते. टीव्हीवर कुठल्या तरी खाणीतली बातमी बघून तुमी जेवण सोडलंव. आत्याबाईंनी फोन करून सांगितलं तर ह्यांना झोप लागंना. म्हणून म्हणले, वर आलो म्हणून सांगतो, तेवढीच त्यांची रात सुखाची जाईल."

"कुठं हाय आता?"

"खालीच."

"काय करायलाय खाली?"

"आज... आज खांब ओढायचे हायेत म्हणून गेलेत."

भीमराजच्या हातातला मोबाइल कानालाच राहिला. तो माळाकडं बघत होता, जिथं आत्ता थोड्या वेळापूर्वी उभा राहून त्यानं हाक दिली होती. चप्पल तिथंच पडली होती. पंचशीलानं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिनं जाऊन चप्पल आणली, त्याच्या पायांपुढं ठेवली. त्याला ती घालता येईना. तिनं खाली बसून घातली.

घरी सरुबाईला सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात धरून नुसती भीमराजकडं बघत राहिली.

"पुसते मी," पंचशीला म्हणाली. रेकॉर्डर तिनं दोन्ही हातांत धरला होता. "मामा, तुम्ही म्हणा, आत्ता पुसते. नको मला ती."

"पुस की गं, पुस," सरुबाई म्हणाली.

भीमराज मान हलवत राहिला. "त्यातनं पुसून काय होतंय? तोंडातनं तर गेली."

"मग कशाला दिलीव? कोण म्हणलं होतं?"

"त्यो वर हाय म्हणून दिली."

"आपण खाणीच्या ऑफिसला फोन करू का?" पंचशीलानं विचारलं. "नंबर मिळेल."

"नको." भीमराज झटकन म्हणाला. "ऑफिसाचा फोन घरी आला की काय समजायचं, हे आमाला ठाव हाय. आपण होऊन कामून बोलवायचा?"

बस दुपारची होती. पंचशीला गेली नाही. तिच्या शिक्षणात असल्या गोष्टींना नाव होतं, त्यावर ती वर्गात बोललीही होती. आता ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिलाही आत कुठंतरी वाटत होतं, की आपण मागितलं म्हणून हे झालं. काय झालं हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, तरी.

भीमराज मनानं खाली उतरला होता. आता पोरं आतल्या टोकाला पोचली असतील. आता छत ठोकलं असेल. दगड भरीव वाजला तर ठीक. पोकळ वाजला तर... कोण ठोकतंय? ऐकणारा कान जुना आहे का नवा? घराच्या वरचा पत्रा उन्हानं तापून कडकड वाजला, तसा तो उठून बाहेर अंगणात जाऊन बसला. पंचशीला आणि सरुबाईही मुकाट्यानं त्याच्यामागं बाहेर आल्या. रस्त्यानं जाणाऱ्या धनराजनं विचारलं, "काय मामा, उन्हात पंगत बसवली?" मग तो थांबला, तिघांची तोंडं पाहिली आणि निघून गेला.

पाळी सुटायची वेळ झाली. मग वर येऊन दिवा जमा करायची, अंघोळीची, घरी यायची. सावल्या अंगणाच्या कडेला गेल्या. फोन आला नाही.

सरुबाईनं लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तेच. कुकरचा आवाज येत होता त्या घरात आता कुणीच नव्हतं का? सुनेनं फोन टाकून धाव घेतली असेल तर ती कुठं घेतली असेल, हे भीमराजनं लाइनीत खूपदा पाहिलं होतं. अवेळी भोंगा वाजला की बायका तव्यावरची भाकर तशीच सोडून खाणीच्या तोंडाकडं पळायच्या, अनवाणी, पोरं काखेत. सरुबाईही अशीच धावली होती एकदा, त्याच्यासाठी. तेव्हा तो वर आला होता. त्याच्याबरोबरची दोन माणसं आली नव्हती.

"सरू," तो म्हणाला. बाहेरच्या माणसापुढं त्यानं तिला कधी अशी हाक मारली नव्हती. ती त्याच्याजवळ सरकून बसली.

मोबाइल वाजला तेव्हा तिघांपैकी कुणीच हात पुढं केला नाही. शेवटी पंचशीलानं उचलला आणि स्पीकर लावला.

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मग कुणीतरी घसा साफ केला.

"अप्पा."

सरुबाईच्या तोंडून हुंदका फुटला.

"कुठं होतास?" भीमराज ओरडला. "कामून उचलीना झालास फोन?"

"इथंच होतो. तुमीच लावायलाव हे दिसत होतं. ह्या घरात आम्ही दोघं त्या फोनकडं बघत बसलो होतो. काय म्हणून उचलावं?" प्रेमानंदचा आवाज पोरासारखा झाला होता. "लबाडी उघडी पडली म्हणून भ्यालो, अप्पा. तुमी काय म्हणताव म्हणून."

"भ्यालास," भीमराज म्हणाला. "माझ्या आईची आण, तू भ्यालास!" आणि तो तळहातानं डोळे पुसायला लागला. पंचशीलानं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "खांब ओढले?"

"ओढले."

"छत आलं?"

"आलं. चांगलं बसलं. आमी लांब होतो."

"हाक कोण दिली?"

"हाक न्हाई आता. शिट्टी फुंकतेत. यंत्राच्या आवाजात माणसाचं काय ऐकू येतंय?" प्रेमानंद थांबला. "अप्पा, माझ्यावर रागावलाव?"

"उद्या कुठली पाळी?"

"पहिलीच."

"कुठं?"

"खाली," प्रेमानंद म्हणाला.

"बरं. आता असंच सांगत जा. खाली तर खाली."

फोन बंद झाल्यावर सरुबाईनं चूल पेटवली. पंचशीला पिशवी आवरत होती. शेवटची बस तेवढी उरली होती. तिनं रेकॉर्डर भीमराजपुढं धरला.

"अजून सांगा. पुसू का?"

भीमराज त्या बारक्या डबीकडं बघत राहिला. हात लावला नाही. पुसली तर हाक गेली. बिराप्पा गेला, आपण जाऊ, मग असं काही होतं हेसुद्धा कुणाला सांगता येणार नाही. ठेवली तर कडगंचीला कुठल्या तरी खोलीत कुणी पोरगं एखाद्या दुपारी बटण दाबेल, आणि त्या दुपारी प्रेमानंद कुठं असेल?

"ठिव," तो म्हणाला. "पण वाजवायची न्हाई. पोरगा नोकरीतनं सुटंपर्यंत कुणाला ऐकवायची न्हाई. तुझ्या सरांना बी न्हाई."

पंचशीलानं मान खाली घातली. प्रेमानंदला सुटायला अजून खूप वर्षं होती. तिचा प्रबंध त्याआधी पुरा व्हायचा होता, आणि हाक ही त्यातली मुख्य गोष्ट होती.

"सर विचारतील, न ऐकवण्याचं कारण काय," ती म्हणाली.

"लिव्ह की. भीमराज भितो म्हणून लिव्ह." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "नाव घालून लिव्ह. विहारात बी सांगीन मी."

"लिहिते," ती म्हणाली. बसमध्ये तिनं रेकॉर्डर पिशवीत न ठेवता मांडीवर धरला होता, हे तिला सोडायला गेलेल्या भीमराजला खिडकीतून दिसलं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आधीच नवराबायको उठून बसली होती. पाळीला जायची वेळ दोघांनाही ठाऊक होती. आता मधे लॅम्परूम नव्हती, काही नव्हतं. सरुबाईनं चहा केला. या खेपेला साखर दुप्पट पडली. तिनं कप नवऱ्याला दिला आणि समोर बसली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "उभ्या जन्मात विचारलं न्हाई."

"विचार."

"खाली काय असतंय?"

भीमराजनं कप खाली ठेवला. लाइनीची रीत त्याला आठवली. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. आधी दिवा घ्यायचा. मग दोरावरच्या डोलीत बसून खाली उतरायचं, तेव्हा कानात दडे बसतात, आवंढा गिळायचा. तिथून पायी, वाकून, लांब. सब्बल कशी धरायची, तट्टा कुठं ठेवायचा, पैकप्पूवर आधी हात कसा ठेवायचा, थंड लागलं तर काय आणि ओलं लागलं तर काय. पंचशीलाला सांगितलेले शब्द त्यानं बायकोला सांगितले, आणि त्या पोरीला न सांगितलेलेही. तेवढी एक हाक सोडून. सरुबाई प्रत्येक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होती.

बाहेर उजाडलं. रस्त्यावरून दुधाच्या गाड्या गेल्या.

"आता कुठं असंल त्यो?" तिनं विचारलं.

भीमराजनं दाराबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं आणि अंदाज घेतला.

"डोलीतनं उतरला असंल. आता चालत असंल," तो म्हणाला. "अजून लई लांब हाय."

"मग सांगा," सरुबाई म्हणाली. "त्या वाटंला काय काय लागतंय, ते सांगा."